दोन चिन्हं, एकच अर्थ आणि एक रिकामा रकाना

वाचकांचे प्रश्न : डेटाबेस

या खेपेला आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली: 'बरोबर नाही' हे क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, कसं लिहायचं, आणि लिहिल्यावर मशीन त्याचा अर्थ नेमका काय घेतं. म्हणून त्यातली पाच एकत्र घेतली आहेत. 'बरोबर नाही'ची दोन चिन्हं चालतात, != आणि <>. क्वेरीतले इंग्रजी शब्द इथे देवनागरीत छापले आहेत, मशीनवर मात्र ते इंग्रजीतच टाइप करा.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मिहानमधल्या एका कंपनीत दीड वर्षापासून आहे. एका रिपोर्टच्या क्वेरीत मी 'व्हेअर स्थिती != 'रद्द'' असं लिहिलं. सीनियरांनी कोड परत पाठवला. म्हणाले, "<> लिही, ते फास्ट चालतं." माझ्यासमोर दोन्ही चालवून दाखवलं. != ला अकरा सेकंद लागले, <> ला दोन. मला पटत नाही, पण डोळ्यांनी पाहिलंय. खरं काय?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : तुम्ही पाहिलं ते घडलंच, डोळे फसलेले नाहीत. पण नऊ सेकंद वाचले ते चिन्हामुळे नव्हे. सीनियरांनी आधी != चालवली आणि मग <>. पहिल्या वेळी डेटाबेसला टेबलाची पानं डिस्कवरून उचलून मेमरीत आणावी लागली. दुसऱ्या वेळी ती तिथे तयारच होती. सर्व्हर नुकताच सुरू झालेला असेल तेव्हा क्रम उलटा करून बघा, आधी <> आणि मग !=. या वेळी != पुढे जाईल. नाहीतर दोन्ही पाच-पाचदा चालवा, पहिल्या खेपेचे आकडे सोडून द्या आणि उरलेले शेजारी शेजारी मांडा. फरक उरणार नाही.

घड्याळावर विसंबायचीही गरज नाही. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर क्वेरीच्या आधी 'एक्स्प्लेन' लावा, म्हणजे ती कशी चालवली जाणार त्याचा आराखडा, प्लॅन, दिसतो. तुम्ही != लिहिलेलं असलं तरी प्लॅनमधल्या फिल्टरच्या ओळीत <> छापून येईल. क्वेरी वाचायला घेतल्याबरोबर, अगदी पहिल्या टप्प्यातच पोस्टग्रेस != चं <> करून टाकतो. त्याच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलंय, आणि त्यामुळेच या दोन चिन्हांना वेगवेगळं काम देणं तिथे कुणालाही शक्य नाही, स्वतःचा ऑपरेटर घडवणाऱ्यालासुद्धा. मायएसक्यूएलमध्ये 'एक्स्प्लेन' करून लगेच 'शो वॉर्निंग्ज' द्या, तिथेही तुमचं != <> होऊन समोर येतं. ओरॅकलच्या प्लॅनखाली अटींची यादी असते, तिच्यातही तेच. जे चिन्ह प्लॅन बनायच्या आधीच नाहीसं होतं, ते क्वेरीला हळू कसं करणार?

मग दोन चिन्हं आलीच कुठून? ही गोष्ट मला फार आवडते. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं. १९७४ साली आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यावर 'सीक्वेल' नावाची भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली, आपण क्वेऱ्या लिहितो ती भाषा. आयबीएमच्या मोठ्या मशीनवर नकाराचं स्वतंत्र चिन्ह होतं, ¬ असं, आणि आयबीएमचा डेटाबेस डीबीटू आजही ¬= स्वीकारतो. पण हे चिन्ह आस्की या संगणकाच्या मूळ अक्षरसंचात नाही, म्हणजे बाकी जगाच्या कीबोर्डवर ते नव्हतंच. बेसिक भाषेत १९६४ पासून <> होतं, पास्कलनेही तेच घेतलं. सी भाषेने != घेतलं. १९८६ साली अमेरिकेच्या आन्सी या प्रमाणसंस्थेने एसक्यूएलचं प्रमाण ठरवलं, १९८७ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते स्वीकारलं, आणि त्यात 'बरोबर नाही'साठी एकच चिन्ह आहे: <>. सी आणि तिच्या वंशातल्या भाषांवर वाढलेल्यांच्या बोटांना != ची सवय, म्हणून ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट सगळेच ते चालवून घेतात. ओरॅकल तर ^= सुद्धा घेतो.

माझ्या बोटांना तिसरंच वळण होतं. १९९४ साली धरमपेठेतल्या दोन खोल्यांच्या क्लासमध्ये मी फॉक्सप्रो हा जुना डेटाबेस शिकले, तिथे 'बरोबर नाही'साठी # चालायचं. नागपुरातली निम्मी दुकानं, गोदामं आणि दवाखाने तेव्हा फॉक्सप्रोवर असावेत असं आम्हा शिकणाऱ्यांना वाटायचं. ते # सुटायला मला एक वर्ष लागलं.

आज मी <> लिहिते. ते प्रमाणातलं आहे, आणि क्वेरी उद्या कुठल्या डेटाबेसवर जाईल ते आज कुणी सांगावं? एक जागा मात्र अशी आहे जिथे मी स्वतःच != वापरते. जावाच्या काही प्रोजेक्टांत क्वेऱ्या एक्सएमएल फाइलमध्ये ठेवतात. तिथे < हे चिन्ह दिसलं की एक्सएमएलला वाटतं नवा टॅग उघडला, आणि फाइलच वाचली जात नाही. ते चिन्ह सांकेतिक रूपात लिहावं लागतं, मग क्वेरी डोळ्यांना वाचवत नाही. तिथे != साधं आणि स्वच्छ.

टीमने एक चिन्ह ठरवावं आणि सगळ्यांनी तेच लिहावं, यात तुमचे सीनियर बरोबर आहेत. कारण तेवढं चुकीचं सांगितलं. ही राखण माणसाने करायचीही गरज नाही, एसक्यूएलफ्लफसारखं साधन दोन्ही चिन्हांची सरमिसळ आपोआप पकडतं. सीनियरांशी वाद घालू नका. शेजारी बसून प्लॅन उघडा, त्यांना स्वतःला वाचू द्या. बहुतेक माणसांना असं दाखवलेलं आवडतं.

आणि क्वेरी खरंच हळू असेल तर कारण वेगळीकडे शोधा. 'धरमपेठेतले मतदार काढा' म्हटलं तर यादीचा तो भाग उघडून काम होतं. 'धरमपेठ सोडून सगळे काढा' म्हटलं की जवळजवळ अख्खी यादी चाळावी लागते, मग इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायची सूची, असून नसल्यासारखा. तुमच्या टेबलात बहुतेक ओळी 'रद्द' असतील आणि तुम्हाला हव्या त्या थोड्याच असतील, तर त्या थोड्यांची नावं घ्या: 'व्हेअर स्थिती इन ('चालू', 'प्रलंबित')'. पोस्टग्रेसमध्ये पार्शल इंडेक्स आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये फिल्टर्ड इंडेक्स याच कामासाठी आहेत. त्यांच्या अटीत <> चालतं, म्हणजे इंडेक्समध्ये फक्त हव्या त्या ओळी राहतात.

प्रश्न : ऑफिसात एक जुनी ॲक्सेसची फाइल आहे. पोस्टग्रेसवर चालणारी क्वेरी तिच्यात टाकली तर सिंटॅक्स एरर येते. क्वेरीत != आहे, बाकी सगळं अगदी साधं.
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : != काढा, <> टाका. ॲक्सेसला दुसरं चिन्ह कळत नाही. एक्सेलच्या फॉर्म्युल्यातही <> च लागतं.

प्रश्न : ताई, मी एका जुन्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. वार्षिक वर्गणीच्या नोटिसा काढायच्या होत्या. एकूण सभासद ८४०, त्यातले आजीव २१०. म्हणजे बाकी ६३० यायला हवेत. 'व्हेअर प्रकार <> 'आजीव'' लिहिलं तर ५७७ आले. कुणी सुचवलं म्हणून != लिहून पाहिलं, तरी ५७७. तीच यादी एक्सेलमध्ये नेऊन काउंटइफने मोजली तर मात्र बरोबर ६३०. माझे ५३ सभासद कुठे गेले? दोन दिवस झोप नाही.
— एक ग्रंथपाल, महाल

उत्तर : सभासद जागेवरच आहेत. त्या ५३ जणांच्या 'प्रकार' या रकान्यात कुणी काही भरलेलंच नाही. खात्री करून घ्या: 'व्हेअर प्रकार इज नल'. ५३ येतील.

तुमचं पत्र वाचून मला २००३ सालचा मार्च आठवला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कळमन्याच्या संत्रा बाजारात एका अडत्याकडे फॉक्सप्रोवरचा जुना हिशेब होता. तो एसक्यूएल सर्व्हरवर नेण्याचं काम माझ्याकडे आलं. नागपुरी संत्र्याचे दोन बहार: आंबिया आधी बाजारात येतो, मृग त्याच्या मागून, फेब्रुवारी-मार्चमध्ये. मार्चमध्ये मालकांना आंबियाचं उरलेलं देणं चुकतं करून टाकायचं होतं. मी रिपोर्ट लिहिला: बहार <> 'मृग', म्हणजे मृग सोडून सगळे. आवक पहाटे होते, गाडीवर गाडी लागलेली असते. दिवाणजी वजन आणि गाव लिहायचे आणि घाईत कधीकधी बहाराचा रकाना तसाच राहायचा. कागदावर ते टेबल साधारण असं होतं:

पट्टी १०१, काटोल, आंबिया
पट्टी १०२, वरुड, मृग
पट्टी १०३, नरखेड, (रिकामं)
पट्टी १०४, काटोल, मृग
पट्टी १०५, सावनेर, (रिकामं)
पट्टी १०६, मोर्शी, आंबिया

बहार = 'मृग' विचारलं तर १०२ आणि १०४ येतात. बहार <> 'मृग' विचारलं तर १०१ आणि १०६. दोन आणि दोन चार, पट्ट्या मात्र सहा. १०३ आणि १०५ कुठल्याच यादीत नाहीत.

नरखेडकडचे एक वयस्क शेतकरी हिशेबपट्टी हातात घेऊन उभे होते. मला म्हणाले, "बाई, माल त तुमच्याच काट्यावर मोजला ना, मंग माहं नाव कुठं गेलं?" आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. माझ्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, आणि ते का नाही हे मला त्या क्षणी सांगता आलं नाही. संध्याकाळपर्यंत बसून शोधलं तेव्हा कळलं. त्या आवृत्तीच्या फॉक्सप्रोमध्ये नल ही गोष्टच नव्हती. रिकामा रकाना म्हणजे तिथे कोऱ्या जागा, आणि कोऱ्या जागा 'मृग' नाहीत, म्हणून जुन्या रिपोर्टात ती पट्टी यायची. डेटा हलवताना मी त्या कोऱ्या जागांचं नल केलं होतं. नीटनेटकं दिसावं म्हणून. चिन्ह तेच राहिलं, टेबल तेच राहिलं, आणि माणसं यादीतून गळली. त्यांचे पैसे दुसऱ्या दिवशी मिळाले, पण नरखेडहून त्यांना पुन्हा यावं लागलं.

आता कारण. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरी जागाही नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. तुम्ही मशीनला विचारता, या सभासदाचा प्रकार 'आजीव'पेक्षा वेगळा आहे का? मशीन म्हणतं, प्रकारच माहीत नाही, तर कसं सांगू? असेलही, नसेलही. एसक्यूएलमध्ये उत्तरं तीन असतात: हो, नाही आणि सांगता येत नाही. 'व्हेअर' फक्त 'हो' मिळालेल्या ओळी आत घेतो. <> लिहा, != लिहा, नाहीतर 'नॉट (प्रकार = 'आजीव')' असं फिरवून लिहा, 'सांगता येत नाही' बाहेरच राहतं. एक्सेलचा काउंटइफ मात्र "<>आजीव" दिल्यावर रिकामे सेलही मोजतो. म्हणून तिथे ६३० आले आणि इथे ५७७.

उपाय साधा आहे: 'व्हेअर प्रकार <> 'आजीव' ऑर प्रकार इज नल'. कुठल्याही डेटाबेसवर चालतो आणि वाचणाऱ्याला हेतू कळतो. पुढे आणखी अटी असतील तर एवढ्या भागाला कंस घालायला विसरू नका. प्रमाणात याच कामासाठी 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' आहे: 'प्रकार इज डिस्टिंक्ट फ्रॉम 'आजीव''. पोस्टग्रेसमध्ये ते पूर्वीपासून आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०२२ च्या आवृत्तीत आलं. मायएसक्यूएलमध्ये नल सांभाळून 'बरोबर आहे' विचारणारं <=> असं चिन्ह आहे, त्याच्याआधी 'नॉट' लावायचं.

काही जण नलच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन वापरून 'कोॲलेस(प्रकार, '') <> 'आजीव'' लिहितात. ओरॅकलवर ते चालत नाही. ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगलाच नल समजतो, म्हणजे नलच्या जागी पुन्हा नलच येतं आणि ५३ सभासद परत बाहेर. त्याच कारणाने ओरॅकलमध्ये 'प्रकार <> ''' अशी क्वेरी एकही ओळ देत नाही. ओरॅकलवर 'कोॲलेस' वापरायचंच असेल तर रिकाम्या स्ट्रिंगऐवजी 'नोंद नाही' असा खरा शब्द द्या.

हेच 'सांगता येत नाही' दुसऱ्या एका ठिकाणी अगदी उलट वागतं. टेबलावर तुम्ही 'चेक (प्रकार <> 'बंद')' असं बंधन घातलं, तर रिकामा रकाना त्यातून खुशाल आत जातो. 'व्हेअर'ला स्पष्ट 'हो' लागतं. 'चेक' फक्त स्पष्ट 'नाही' अडवतो. बंधन घातलंय म्हणून निश्चिंत बसलेली चांगली माणसं मी पाहिली आहेत.

तुम्हाला कुणी सांगेल, रकाना सक्तीचाच करून टाका, 'नॉट नल'. करा, पण त्याआधी नोंद करणाऱ्या माणसाशेजारी एक तास बसा. कळमन्याला मी पुढे तो रकाना सक्तीचा केला होता. आठवडाभरात सगळ्या पट्ट्या आंबियाच्या झाल्या, कारण यादीत आंबिया पहिला होता आणि पहाटे पाच वाजता पहिलाच पर्याय निवडला जातो. खोट्या माहितीपेक्षा रिकामा रकाना प्रामाणिक. यादीत 'माहीत नाही' असा पर्याय सगळ्यात वर ठेवला, तेव्हा कुठे नोंदी खऱ्या व्हायला लागल्या.

आणि नोटिसा पाठवण्याआधी त्या ५३ जणांची मूळ कागदी नोंद बघा. त्यात कुणी आजीव सभासद निघाला, तर त्याला वर्गणीची नोटीस जायला नको. आजीव किती, आजीव सोडून किती आणि रिकामे किती हे तीन आकडे वेगळे काढून बेरीज एकूण सभासदांशी जुळवायची सवय लावून घ्या. २१०, ५७७ आणि ५३, झाले ८४०. मी हे आजही प्रत्येक रिपोर्टला करते.

प्रश्न : मॅडम, मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलमध्ये 'आंबिया आणि मृग दोन्ही सोडून बाकी दाखवा' असं होतं. मी लिहिलं: 'बहार <> 'आंबिया' ऑर बहार <> 'मृग''. सगळ्याच ओळी आल्या. नंतर != वापरून पाहिलं, तरी सगळ्याच. काहून होते असं?
— एक विद्यार्थिनी, सक्करदरा

उत्तर : कारण तू मराठीत विचार केलास, आणि मराठीत तू बरोबरच आहेस. पाहुण्यांकडे आपण म्हणतो, "चहा किंवा कॉफी, काहीच नको." त्यातलं 'नको' दोन्हींना लागतं. मशीन दोन वेगळी वाक्यं वाचतं आणि त्यातलं एक जरी खरं असलं तरी ओळ आत घेतं. आता एक आंबियाची ओळ हातात घे. ती आंबियापेक्षा वेगळी आहे? नाही. मृगापेक्षा वेगळी आहे? हो. एक खरं निघालं, ओळ आत. मृगाच्या ओळीचं तेच, फक्त उलट्या बाजूने. तिसऱ्या कुठल्या बहाराची असेल तर दोन्हीकडून आत. एकाच वेळी आंबियाही आणि मृगही अशी ओळ असूच शकत नाही, म्हणून तुझी अट भरलेल्या प्रत्येक ओळीला खरीच ठरते. इथे 'अँड' हवं: 'बहार <> 'आंबिया' अँड बहार <> 'मृग'', किंवा थोडक्यात 'बहार नॉट इन ('आंबिया', 'मृग')'.

या अदलाबदलीचा नियम ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो: 'अमुक किंवा तमुक' याला नकार दिला की 'अमुक नाही आणि तमुकही नाही' असं होतं. ते १८०६ साली आपल्याकडे, मदुराईला जन्मले. इंग्रज गणिती म्हणून नाव पाठ करण्यापेक्षा असं लक्षात राहतं.

'नॉट इन'ची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. कंसातली यादी दुसऱ्या क्वेरीतून येत असेल आणि तिच्यात एक जरी नल असला, तर उत्तरात एकही ओळ येत नाही. शंभर नावं असोत, एक नल पुरतो. ग्रंथपालांना दिलेलं उत्तर वाच, कारण तिथेच आहे. अशा वेळी 'नॉट एक्झिस्ट्स' लिहावं.

प्रश्न : मी एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग आणि केसेसची नोंद सांभाळते. दोन याद्यांमधली नावं जुळतात का ते बघायचं होतं, डेटाबेस पोस्टग्रेस आहे. 'ॲड.' लावलेली कित्येक नावं <> ने वेगळी म्हणून दाखवली. कागदावर छापून एकावर एक ठेवून पाहिली, अक्षराचा फरक नाही. 'वऱ्हाड' असलेल्या पत्त्यांचंही तसंच. डेटाबेस खराब झाला का?
— एक वाचक, सिव्हिल लाइन्स

उत्तर : डेटाबेस अगदी ठणठणीत आहे. हा प्रश्न इंग्रजीत काम करणाऱ्यांना फारसा पडत नाही, आपल्याला रोज पडतो, आणि त्यावर मराठीत कुणी लिहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक, पूर्ण अक्षर म्हणून, ॲ. दुसरं, आधी अ आणि त्यावर चंद्र, अॅ. पडद्यावर आणि कागदावर सारखंच दिसतं, मशीनच्या पोटात एक अक्षर आणि दोन अक्षरं असा फरक असतो. वेगळा कीबोर्ड किंवा फॉन्ट बदलणारं वेगळं साधन वापरणाऱ्या दोन टायपिस्टांनी दोन रूपं टाकली की याद्या फाटतात. 'वऱ्हाड'चंही असंच. तो अर्धा र कुणी ऱ या अक्षराला पाय मोडून काढतं, कुणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून: वर्‍हाड. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या मांडणीत दोन मजकूर आतून तंतोतंत एक असतील तरच ते बरोबर, नाहीतर <>.

लांबी मोजा, लगेच दिसेल. 'लेंग्थ' या फंक्शनने 'ॲड' दोन भरतं, 'अॅड' तीन. 'वऱ्हाड' सहा, न दिसणारं चिन्ह असलेलं सात. प्रमाणीकरणाचं तयार फंक्शनही इथे पुरत नाही, कारण युनिकोड ही रूपं एकमेकांची समरूपं मानत नाही. म्हणून आपणच एक रूप ठरवायचं आणि 'रिप्लेस'ने बाकीची त्यात बदलायची, जुन्या नोंदींत एकदा आणि नव्या नोंदींत आत येतानाच. मी पूर्ण अक्षराची रूपं ठेवते, ॲ आणि ऱ. ज्या माणसाने टाइप केलंय त्याला बोल लावू नका, त्याने बरोबर शब्दच टाइप केलेला असतो.

पुढेमागे ही यादी एसक्यूएल सर्व्हरवर गेली तर आणखी एक जपा. देवनागरी मजकुराच्या अवतरणाआधी इंग्रजी कॅपिटल एन लावावा लागतो. तो राहिला तर नेहमीच्या कोलेशनमध्ये (मजकूर साठवायच्या आणि जुळवायच्या मांडणीत) तुमचा 'मृग' आत पोचेपर्यंत '???' झालेला असतो. मग बहार <> '???' ही अट भरलेल्या प्रत्येक ओळीला खरी ठरते, मृगाच्या ओळीलाही, आणि एरर तर येतच नाही. यादी अपेक्षेपेक्षा मोठी दिसली की आधी तो एन आहे का ते बघा.